चालू स्थितीतला संच

आमच्या खात्याला काहीही बंद करता येत नाही. उद्घाटन करायचं असेल तर आम्ही अर्ध्या झोपेतही करू. फीत, कात्री, कात्री ठेवायचा ट्रे, ट्रे धरायला कुणीतरी नीटनेटकं, सगळं तयार असतं. पण बंद करायचं म्हटलं की आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसतो. खात्याचं नाव 'हवामान बदल, ऊर्जा संक्रमण व शाश्वत विकास विभाग' इतकं ऐसपैस आहे की फोनवर ते पूर्ण सांगेपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. मी तिथे कार्यक्रम कक्षात आहे. मंत्री कुठे उभे राहणार, काय बोलणार आणि फोटोत त्यांच्या मागे काय दिसणार, हे मी बघते. हवामानाचं बाकीचे बघतात.

त्या वर्षी राज्याचं नवं हवामान धोरण आलं. त्यातलं पहिलंच वचन होतं, शहराबाहेरचा कोळशावरचा जुना वीजसंच कायमचा बंद करायचा. शेजारच्या राखेच्या माळावर सौरप्रकल्प उभा राहिलाच होता. जिथे वर्षानुवर्षं राख ओतली, तिथे आता काचेच्या काळ्या पाट्या ओळीने ऊन खात पडल्या होत्या. धोरण चांगलं होतं, हे मी मनापासून सांगते. माझा सख्खा भाऊ त्याच वीजकेंद्रात बॉयलर विभागाचा प्रमुख, आणि आई त्याच्याकडे केंद्राच्या वसाहतीत राहते. त्या धुराड्याखाली आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो. ते बंद व्हावं असं वाटायला आम्हाला धोरणाची गरज नव्हती.

अडचण एकच होती. तो संच आधीच बंद पडलेला होता.

काही महिन्यांपूर्वी बॉयलरच्या नळ्या फुटल्या होत्या. एरवी दुरुस्ती झाली असती, पण जे बंदच करायचंय त्याच्यावर खर्च कशाला, म्हणून वरून कुणी मंजुरी देईना. संच गार पडला. धुराडं नुसतंच उभं होतं, पाहुणे निघून गेल्यावरही दारात उभ्या राहिलेल्या यजमानासारखं.

समारंभाच्या तयारीची बैठक बसली तेव्हा आमच्या सचिवसाहेबांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

"बंद आहे म्हणजे?" ते म्हणाले. "मग मंत्रीमहोदय काय बंद करणार?"

सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागले.

"मला धुराड्यातून निघणारा धूर हवा," साहेब म्हणाले. "मंत्री बटण दाबतात आणि धूर थांबतो. असा तो फोटो आहे. न निघणारा धूर कसा थांबवणार?"

मग अर्थखात्याचे प्रतिनिधी खाकरले. त्यांना आम्ही पाठीमागे कलमकाका म्हणतो, कारण सुट्टी कधी आहे असं विचारलं तरी ते एखादं कलम दाखवतात. ते म्हणाले, "फोटोचं राहू द्या. माणसांचं काय? धोरणातल्या संक्रमण योजनेनुसार, बंद करण्याच्या दिवशी जो संच चालू स्थितीत असेल, त्याच्याच कर्मचाऱ्यांना सौरप्रकल्पात घेता येतं."

"असं का?" मी विचारलं.

"नाहीतर राज्यातला प्रत्येक गंजलेला कारखाना नोकऱ्या मागायला येईल," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

म्हणजे संच बंद करायचा तर आधी चालू करायला हवा होता. फोटोसाठीही आणि माणसांसाठीही. सचिवसाहेबांचा चेहरा उजळला, कारण चालू करणं आम्हाला जमतं. दुरुस्तीची मंजुरी, जी इतके महिने घोडं अडल्यासारखी अडली होती, ती बंद करण्याच्या शीर्षकाखाली त्याच संध्याकाळी मिळाली.

मी रविवारी वसाहतीत गेले. आई गच्चीवर चादर वाळत घालत होती. ही साधी गोष्ट वाटेल, पण आमच्या घरात कपडे कधीच बाहेर वाळले नाहीत. बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि ओल्या बाह्या चुकवत जेवायला बसायचं, असं आमचं बालपण गेलं. बाहेर वाळत घातलं की राख बसायची. आईने आयुष्यात कधी पांढरी चादर विकत घेतली नव्हती. संच बंद पडला आणि पहिल्याच महिन्यात तिने एक घेतली. तीच ती वाळत घालत होती, आणि कोपरे असे ताणत होती की जणू कुणी परीक्षक येणार आहे.

दादा आत झोपला होता. वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"ताई, ह्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, राखेतून बाहेर निघा. छातीत जे आहे ते जाणार नाही, पण वाढायचं थांबेल. संच बंद आहे तर खोकला निम्मा झालाय. तुम्हीच बघा, दुपारचे झोपतात तरी."

दादाचा खोकला हा आमच्या घरातल्या घड्याळासारखा. वाजतच असतो, त्यामुळे कुणी ऐकत नाही.

"सौरप्रकल्पात नेमणूक मिळाली की झालं," मी म्हणाले.

"आणि नाही मिळाली तर दुसऱ्या कोळशाच्या केंद्रावर पाठवतील. तिथून किती दिवस..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि नळ बंद केला.

दादा उठून आला. माझ्याशी तो कायम एकाच सुरात बोलतो.

"काय सरकार, आज गरिबाच्या घरी कुठे?"

मी त्याला सगळं सांगितलं. कलमाचं, नेमणुकीचं, धुराचं. आणि वर म्हणाले, "दादा, फार जीव ओतू नकोस. एक दिवस चालल्यासारखा दिसला पाहिजे, बस्स. कसातरी पेटव, थोडा धूर काढ, मंत्री बटण दाबतील, तू घरी ये."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला देवघरात चपला घालून नाचायला सांगितलंय.

"कसातरी? बॉयलर म्हणजे काय शेकोटी आहे?"

"अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एका दिवसासाठी वेल्डिंग वेगळं करतात का? आणि धूर काय काढ? चांगला पेटलेला बॉयलर धूर काढत नाही. धूर काढतो तो नालायकांचा बॉयलर." एवढं बोलून त्याला ढास लागली. तो खोकला, पाणी प्यायला, आणि पुन्हा तिथूनच सुरू झाला. "इतकी वर्षं मी मंजुरी मागतोय. नळ्या बदलू द्या, हवेचे पंखे नीट करू द्या. कुणी विचारलं नाही. आता बंद करायचाय तर सगळं मिळतंय. मिळतंय ना? मग बघच तू."

मी बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही. मला वाटलं, भाऊ नेमणुकीसाठी जोर लावतोय. तो नेमणुकीसाठी जोर लावत नव्हताच. त्याला एकदा, एकदाच, ते यंत्र जसं चालायला हवं तसं चालवून बघायचं होतं. माझा भाऊ तसा गर्विष्ठ माणूस. घरात पंखा दुरुस्त केला तरी सगळ्यांना त्याच्याखाली उभं करून वारा कसा लागतो ते विचारतो.

पुढचे आठवडे तो घरी फक्त जेवायला यायचा. वहिनी फोनवर सांगायच्या, "खोकतात, पण शीळही घालतात." समारंभाच्या आदल्या दिवशी संच पेटला. गच्चीवरची चादर आईने घडी करून कपाटात ठेवली. एका दिवसाचाच प्रश्न होता.

समारंभाच्या दिवशी सकाळीच सचिवसाहेबांचा फोन आला. "मी गेटपाशी उभा आहे. धूर कुठे आहे?"

मी मंडपाबाहेर येऊन मान वर करून बघितलं. धुराड्याच्या तोंडावर हवा थोडी थरथरत होती, तेवढंच. बाकी ढगाळ आभाळ.

"साहेब, संच चालू आहे. फार चांगला चालू आहे म्हणून धूर दिसत नाही."

"मग वाईट चालवायला सांगा," साहेब म्हणाले.

म्हणून मंत्री आले तेव्हा मी मंडपात नव्हते, कंट्रोल रूममध्ये दादाच्या शेजारी उभी होते. एका कानाला मंडपातल्या सहकाऱ्याचा फोन, समोर काचेपलीकडे व्यासपीठ. ठरलं असं होतं की भाषण संपत आलं की मी खूण करायची, दादाने हवा कमी करून काळा धूर सोडायचा, मंत्र्यांनी बटण दाबलं की धूर थांबवायचा, आणि मग संच खरोखरच हळूहळू उतरवून बंद करायचा. ते बटण मशीनला जोडलेलंच नव्हतं. ते फक्त एका हिरव्या दिव्याला जोडलं होतं, कारण वीजसंच बटणाने बंद होत नाही, आणि मंत्र्यांना हे समजावून सांगायची कुणाची तयारी नव्हती.

कंट्रोल रूममध्ये सगळे खुशीत होते. सौरप्रकल्पाच्या नव्या टोप्या आदल्या दिवशीच वाटल्या होत्या, पांढऱ्या, पुढे पिवळा सूर्य. कुणीतरी दादाला घालायला लावली होती. त्याला ती लहान होत होती आणि तरी तो काढत नव्हता.

बाहेर विलक्षण उकाडा होता. वाऱ्याची झुळूक नाही, वर ढगांचं झाकण. मंत्री नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि संध्याकाळ व्हायला लागली. भाषण सुरू झालं. तेवढ्यात टेबलावरचा जुना फोन वाजला. तो राज्याच्या भार नियंत्रण केंद्राचा. राज्यात किती वीज लागतेय, किती मिळतेय, हे तिथे बसलेली माणसं बघतात, आणि कमी पडली की कुणाच्या तरी गावाची कापतात. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"तुमचा संच किती देतोय?" पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

दादाने पडद्याकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. "पूर्ण," तो म्हणाला.

"पूर्ण? तुमचा?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग त्या म्हणाल्या, "हे बघा, पवनचक्क्या सगळ्या उभ्या आहेत. ढगांमुळे सौर दुपारपासूनच खाली होतं, आता तर मावळतंय. उकाड्याने मागणी चढत चाललीय. आज बंद करू नका. किती वेळ चालवू शकाल?"

मला एका क्षणात सगळं दिसलं. मी दादाचा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, "सांग, नळी गळतेय. सांग, तासाभरात संच बंद पडेल."

त्याने फोनवर हात ठेवला. "नळी गळत नाहीये."

"मला माहीत आहे गळत नाहीये. तू गळतेय म्हण."

"शहर अंधारात जाईल."

"बघतील ते काहीतरी. तू एकटाच आहेस का राज्यात? डॉक्टरांनी काय सांगितलंय ते वहिनींनी मला सांगितलंय."

त्याचा हात फोनवरच राहिला. मला वाटलं, जिंकले. त्याने समोरच्या आकड्यांकडे बघितलं. सगळे काटे जागच्या जागी होते, एकही थरथरत नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा टर्बाइनवाला, पंप बघणारी बाई, सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावर जे आलं ते काळजी नव्हती. पंख्याखाली उभं करून वारा विचारताना येतं तेच होतं.

"माझ्या हातचं काम आहे ते," तो मला हळूच म्हणाला. "ते वाईट आहे असं मी कसं सांगू?"

त्याने फोनवरचा हात काढला. "सांगाल तितका वेळ चालेल."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मी ती टोपी त्याच्या डोक्यावरून ओढून काढावी असं वाटलं. आणि त्याच क्षणी मला त्याचा अभिमानही वाटला, याचा तर त्याहून जास्त राग आला.

मी सचिवसाहेबांना फोन लावला. ते व्यासपीठावरच, तोंडावर हात धरून बोलले. मी सांगितलं, भार केंद्राने संच बंद करायला मनाई केलीय.

"बटण कशाला जोडलंय?" त्यांनी विचारलं.

"हिरव्या दिव्याला."

"मग दाबू दे की."

भाषण संपत आलं. मी खूण केली. दादाने नाक मुरडत हवा कमी केली आणि धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघाला. मंडपातून 'अरे बापरे' असा आवाज काचेतूनही ऐकू आला. मंत्री बटणाजवळ गेले, सहकाऱ्याने मला फोनवर सांगितलं, मी हात खाली केला, दादाने हवा वाढवली. हिरवा दिवा लागला. लोट तुटला, वर चढला, विरघळला. धुराड्याच्या तोंडावर काही म्हणजे काही राहिलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मंत्र्यांचे डोळे पाणावले. मी नाटक ओळखते, ते नाटक नव्हतं.

आमच्या पायाखालची फरशी मात्र तशीच गुरगुरत होती. संच पूर्ण भाराने चालला होता, आणि मंडपातले दिवे, माईक, मंत्र्यांच्या तोंडावर सोडलेला तो मोठा पंखा, सगळं त्याच्यावरच चाललं होतं.

फोटो फार सुंदर आला.

दुसऱ्या दिवशीही ढग होते. तिसऱ्या दिवशी ढग गेले तर दुसरीकडचा एक संच बंद पडला. मग भार केंद्राने कळवलं की इतका भरवशाचा संच राज्यात सध्या दुसरा नाही, तेव्हा पर्यायी व्यवस्था होईपर्यंत तो चालू ठेवावा. पर्यायी व्यवस्था म्हणजे विजेचा साठा करणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या. त्यांचं भूमिपूजन आम्ही केलेलं आहे.

सरकारी दृष्टीने मात्र संच बंद झाला होता, आणि बंद झालेला संच पुन्हा चालू आहे असं कुठल्या तोंडाने सांगणार? कलमकाकांनी मार्ग काढला. संच बंद होताना चालू स्थितीत होता, त्यामुळे सगळ्यांच्या नेमणुका सौरप्रकल्पात झाल्या. त्यात एका माणसावरही अन्याय झाला नाही. मग सौरप्रकल्पाच्या त्याच कर्मचाऱ्यांना पुढील आदेश येईपर्यंत जुन्या संचावर तात्पुरतं कामाला जोडलं. माणसं सौरप्रकल्पाची, म्हणून वीजही सौरप्रकल्पाच्या खात्यात धरली. वर्षाच्या अहवालात आम्ही छापलं की हा राज्यातला पहिला सौरप्रकल्प आहे जो रात्रीही वीज देतो. तो कसा देतो हे बघायला बाहेरून एक शिष्टमंडळ येणार होतं. त्यांचा कार्यक्रम माझ्याकडेच होता. मी त्यांना दिवसाची वेळ दिली.

शिष्टमंडळ येऊन गेलं त्या संध्याकाळी मी वसाहतीत गेले. दार उघडलं आणि ओली बाही तोंडावर आली. बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती. मधोमध पांढरी चादर, आता पांढरी म्हणावी की नाही अशी. तिच्या शेजारी चिमट्याला अडकवलेली टोपी. पिवळा सूर्य धुऊन धुऊन करडा झाला होता.

"किती घासलं," आई म्हणाली. "निघतच नाही."

वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला, माझ्यासमोर कप ठेवला आणि आत गेल्या. मला ते योग्यच वाटलं.

दादा ड्यूटीवरून आला. जिन्यातूनच त्याचा खोकला ऐकू आला, आणि या वेळी मी तो ऐकला, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. मध्ये तो थांबला. आई चादरीच्या कोपऱ्याला हात लावून दाराकडे बघत उभी राहिली. मग तो वर आला, दोरीखालून वाकून आत शिरला आणि माझ्यासमोर बसला. बोलायला त्याला थोडा वेळ लागला.

"काय सरकार," तो म्हणाला. "पाहुण्यांनी काय विचारलं?"

"रात्री वीज कशी देता, ते."

"मग?"

"मी म्हटलं, कर्मचारी फार चांगले आहेत."

तो हसला. हसता हसता पुन्हा ढास लागली. आईने पाणी आणून दिलं. ग्लास खाली ठेवून त्याने चादर थोडी बाजूला सारली, म्हणजे माझा चेहरा दिसावा.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बंद करायचा असेल तर आधी मला सांग. तेव्हा कसातरी पेटवून नुसता धूर काढून देतो."